प्राणीपण न सोडणारे प्राणी : ‘झूटोपिया’चे परीक्षण

वाहन परवाना कार्यालयातील एका खिडकीसमोर एक सशीण उभी आहे. ती पोलीस आहे, तिच्याकडे एका गाडीचा क्रमांक आहे आणि त्या गाडीचा मालक कोण एवढेच तिला हवे आहे. दिलेली मुदत संपत चालली आहे. खिडकीमागे बसलेला कर्मचारी स्लॉथ, म्हणजे अत्यंत संथ हालणारा एक प्राणी, आहे, त्याच्या शेजारचा कर्मचारीही स्लॉथ आहे, आणि त्या कार्यालयात स्लॉथांखेरीज कोणी कामाला नाही. ‘फ्लॅश’ नावाचा हा स्लॉथ एक शब्द उच्चारतो, थांबतो, दुसरा उच्चारतो. सशीण त्याचे वाक्य पुरे करून पाहते. त्याने तो जराही विचलित होत नाही आणि आपले वाक्य आपल्याच गतीने शेवटाला नेतो. तिच्या सोबतचा कोल्हा याच वेळी त्याला एक विनोद सांगतो. फ्लॅशच्या चेहऱ्यावर हसू पसरायला जो वेळ लागतो, तेवढ्या वेळात प्रेक्षागृहातील लहान मुले, त्यांचे पालक आणि आजी-आजोबा असे सगळेच हसू लागलेले असतात. मग फ्लॅशला तो विनोद शेजारणीला सांगावासा वाटतो. सशीण आणि कोल्हा बाहेर पडतात तेव्हा रात्र झालेली असते.

वॉल्ट डिझ्नी अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा ‘झूटोपिया’ 2016 साली प्रदर्शित झाला. बायरन हॉवर्ड आणि रिच मूर हे त्याचे दिग्दर्शक असून जॅरेड बुश सहदिग्दर्शक आहेत. मी तो आजवर चार वेळा पाहिला, प्रत्येक वेळी वेगवेगळ्या वयाच्या माणसांबरोबर, आणि या प्रसंगाला कधीही कोणी गप्प बसलेले पाहिले नाही. त्याचे कारण शोधताना मला असे वाटू लागले की बोलणाऱ्या प्राण्यांच्या विनोदी चित्रपटाचे सारे यश एकाच गोष्टीवर ठरते : प्राण्याला वाचा दिल्यावर त्याचे प्राणीपण शिल्लक राहिले आहे की नाही. स्लॉथ हा पानांवर जगणारा प्राणी आहे. पानांतून ऊर्जा थोडी मिळते आणि ती पचायलाही फार वेळ लागतो, म्हणून त्याचे शरीरच संथ चालते. चित्रपटकर्त्यांनी हा संथपणा तसाच ठेवला आणि त्याला फक्त एक नोकरी दिली. फ्लॅश आळशी नाही, उर्मट नाही, कामचुकारही नाही. उलट तो अतिशय सौजन्याने आणि मनापासून काम करतो आहे. त्याच्या शरीराची गती आणि समोरच्या सशिणीची घाई या दोन गोष्टी एकाच खिडकीच्या दोन बाजूंना आणून ठेवल्या की लेखकाला वेगळा विनोद रचावा लागत नाही.

या प्रकारच्या अनेक चित्रपटांत प्राणी केवळ पोशाखासारखे वापरलेले असतात. माणसांचीच गोष्ट, माणसांचेच संवाद आणि वरून शेपटी व कान. असा चित्रपट पाहताना तो प्राणी बदलून दुसरा घातला तरी काही बिघडणार नाही असे सतत वाटत राहते. ‘झूटोपिया’त अशी अदलाबदल करता येत नाही, कारण येथे संपूर्ण शहरच प्राण्यांच्या शरीरांची मोजमापे घेऊन बांधलेले आहे.

कथेत माणूस नाही आणि कधी होता असेही सूचित केलेले नाही. सारे नागरिक सस्तन प्राणी आहेत, चिमुकल्या उंदरापासून हत्ती-जिराफापर्यंत. गावाकडून येणारी आगगाडी प्रथम या शहरात शिरते तो प्रसंग मी मुद्दाम पुन्हा लावून पाहिला. गाडीला निरनिराळ्या उंचीची दारे आहेत. स्थानकाजवळच्या पाण्यातून पाणघोडे बाहेर येतात आणि वाऱ्याच्या झोताखाली कोरडे होऊन कामाला निघतात. जिराफाला फळांचा रस हवा असतो, तर तो नळीतून वर त्याच्या तोंडापर्यंत पोहोचवला जातो. यांपैकी कोणत्याही गोष्टीकडे पात्रे वळून पाहत नाहीत, कारण त्यांच्यासाठी ते रोजचे आहे; पाहणाऱ्याने मात्र डोळे उघडे ठेवायचे. शहराचे विभागही हवामानानुसार पाडलेले आहेत : बर्फाळ टुंड्राटाउन, तापलेला सहारा स्क्वेअर, सतत पाऊस झेलणारे वर्षावन आणि उंदीरवर्गीय प्राण्यांसाठीचे छोटेखानी लिटल रोडेन्शिया, जेथे इमारती मोठ्या प्राण्याच्या कमरेपर्यंतच येतात.

अशी दुनिया रचणे एक आणि तिचा गोष्टीत उपयोग करणे दुसरे. कथेतील निक वाइल्ड हा कोल्हा पोटापाण्यासाठी छोट्या-मोठ्या लबाड्या करतो. त्याची पहिली लबाडी पाहावी. हत्तींच्या आइस्क्रीमच्या दुकानातून तो हत्तीच्या मापाची एक प्रचंड आइस्क्रीमची कांडी मिळवतो, आणि तिचे पैसेही भोळ्या सशिणीकडून देववतो. सहारा स्क्वेअरच्या उन्हात ती वितळवून तो रस बरण्यांत भरतो. मग टुंड्राटाउनच्या बर्फात फिनिक या त्याच्या बुटक्या साथीदाराच्या पावलांचे ठसे उमटवून त्या साच्यांत तो रस पुन्हा गोठवतो आणि त्या छोट्या कांड्या रांगेने कचेरीतून बाहेर पडणाऱ्या लेमिंग या उंदीरवर्गीय छोट्या प्राण्यांना विकतो. एकाने घेतली की मागचे सगळे घेतात. लेमिंगांनी टाकून दिलेल्या काड्या गोळा करून त्या उंदरांना घरबांधणीचे लाकूड म्हणून विकल्या जातात. दोन-तीन मिनिटांचा हा भाग आहे आणि त्यात शहराचा भूगोल, हवामान, प्राण्यांची मापे, त्यांच्या सवयी व निकची बुद्धी असे सर्व काही एका धाग्यात ओवले आहे. पाच वर्षांच्या मुलाला त्यात आइस्क्रीम दिसते आणि मोठ्या माणसाला एक निर्दोष धंदा दिसतो. एकाच दृश्यात दोघांनाही पोटभर मिळते, हे या चित्रपटाचे खरे कौशल्य आहे.

लिटल रोडेन्शियातील पाठलागही याच तत्त्वावर उभा आहे. ज्युडी हॉप्स ही आपली सशीण पोलीस दलातील हत्ती, गेंडे आणि रेडे यांच्यात एवढीशी दिसते. खुर्चीवर बसली तर टेबलावरून तिचे कानच काय ते वर येतात. तीच ज्युडी चोराच्या मागे उंदरांच्या वस्तीत शिरते आणि एकाएकी राक्षसाएवढी होते. आतापर्यंत जिला सगळे सांभाळून घेत होते, तिलाच आता पाऊल कोठे ठेवावे याची काळजी घ्यावी लागते. लहान असणे आणि मोठे असणे ही कायमची लक्षणे नसून आपण कोणाशेजारी उभे आहोत यावर ती ठरतात, हे कोणीही बोलून न दाखवता त्या धावपळीत दिसते. याच गडबडीत ती एका चिमुकल्या चिचुंद्रीचा जीव वाचवते, आणि पुढे अगदी अनपेक्षित ठिकाणी ते उपयोगी पडते.

मूळ गोष्ट थोडक्यात सांगावी लागेल. बनीबरो या गावातील ज्युडीला 275 भावंडे आहेत आणि तिच्या आईवडिलांच्या मते गाजराची शेती हेच सशाचे आयुष्य आहे. तिला मात्र पोलीस व्हायचे असते आणि ती होतेही, परंतु दलप्रमुख बोगो, जो आडदांड आफ्रिकी रेडा आहे, तिला गाड्यांना दंडाच्या चिठ्ठ्या लावायला पाठवतो. एक पाणमांजर बेपत्ता झाल्याचे प्रकरण ती हट्टाने अंगावर घेते. 48 तासांत छडा लावायचा, नाहीतर राजीनामा द्यायचा, अशी अट पडते. या शोधासाठी ती निकला अडकवून सोबत घेते. येथून पुढे हा एक रहस्यपट होतो आणि रहस्य फोडणे परीक्षकाच्या धर्मात बसत नाही. इतकेच सांगतो की बेपत्ता झालेले सगळे प्राणी शिकारी वर्गातले आहेत आणि हे कळल्यावर शहरातील शांततेला तडा जाऊ लागतो.

निकच्या बाबतीत मराठी वाचकाला थोडे अधिक सांगण्यासारखे आहे. बोलणारे प्राणी आपल्याला नवे नाहीत. पंचतंत्रातील करटक आणि दमनक यांच्या मसलती ऐकतच आपण मोठे झालो. त्या कथांत प्राण्याचा स्वभाव आरंभीच ठरलेला असतो. कोल्हा धूर्त, सिंह बलवान पण कानाचा हलका, ससा चतुर. आणि कथेचे तात्पर्य त्या ठरलेपणावरच उभे असते. (शब्दाच्या काटेकोरपणाने पाहिले तर आपला कोल्हा निराळा आणि निकच्या जातीला जवळची असलेली खोकड निराळी, पण धूर्तपणाचा शिक्का दोघांनाही सारखाच बसला आहे.) ‘झूटोपिया’ याच ठरलेपणाला प्रश्न विचारतो. निक धूर्त आहे हे खरे. मात्र तो लहानपणी एका बालपथकात मोठ्या उमेदीने गेला होता, आणि कोल्ह्यावर विश्वास कोण ठेवणार म्हणून तेथील मुलांनी त्याच्या तोंडाला मुसके बांधले, तेव्हा त्याने ठरवले की जग आपल्याला लबाडच समजणार असेल तर लबाड होऊनच जगावे. हा प्रसंग फार छोटा आहे. त्या मुसक्याकडे पाहताना माझ्या शेजारी बसलेल्या आठ वर्षांच्या मुलीने आपले तोंड हाताने झाकून घेतले होते, हे मी विसरू शकत नाही.

निर्मितीच्या आरंभीच्या आराखड्यात निक हाच नायक होता आणि सर्व शिकारी प्राण्यांना विजेचा झटका देणारे पट्टे गळ्यात घालावे लागतात अशी कल्पना होती. काम बरेच पुढे गेलेले असताना चित्रपटकर्त्यांच्या ध्यानात आले की असे शहर पाहणाऱ्याला आवडणारच नाही. म्हणून त्यांनी ते पट्टे काढून टाकले आणि गोष्ट ज्युडीच्या डोळ्यांनी सांगायचे ठरवले. माझ्या मते या एका निर्णयाने चित्रपट तरला. आपण प्रथम या शहराच्या प्रेमात पडतो, ज्युडीइतक्याच भाबडेपणाने पडतो, आणि मगच त्यातील भेगा आपल्याला दिसू लागतात.

या भेगांपैकी सर्वांत खोल भेग ज्युडीच्याच आत आहे. चित्रपटाच्या मध्याच्या पुढे एक पत्रकार परिषद येते. ज्युडी नवखी आहे, प्रश्नांच्या भडिमाराने गोंधळलेली आहे, आणि शिकारी प्राणी हिंस्र होत असल्यास ते त्यांच्या रक्तातच असावे, अशा अर्थाचे काहीतरी ती बोलून जाते. निक बाजूला उभा राहून ऐकत असतो. नंतर तो तिला विचारतो की तुला माझी भीती वाटते का, आणि अंगावर झेपावल्यासारखे करतो. त्या क्षणी ज्युडीचा हात आपोआप कमरेच्या कोल्हेरोधक फवाऱ्याकडे जातो. तो फवारा आईवडिलांनी निघताना दिलेला असतो आणि तोवर त्याच्याकडे आपण गमतीची वस्तू म्हणून पाहिलेले असते. मन मैत्रीचे म्हणते आहे, हात मात्र भीतीचे बोलतो. कोणताही संवाद हे इतक्या थोडक्यात सांगू शकला नसता. चित्रपटाने पहिल्यापासून शरीराकडे पाहायला शिकवले म्हणूनच ही हाताची एक हालचाल एवढी लागते. ज्या डोळ्यांनी आपण स्लॉथच्या हसण्याची वाट पाहिली होती, त्याच डोळ्यांना आता हे पाहावे लागते. हलकाफुलका कौटुंबिक विनोदपट आपल्याला येथवर घेऊन येतो, आणि काही वेळाने पुन्हा हसवतो, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

ज्युडीची देहबोली हा स्वतंत्र आनंदाचा विषय आहे. घाबरली की तिचे नाक थरथरते, खचली की कान पाठीवर पडतात, उत्साहात पाय आपटला जातो. खरे ससेही धोक्याची सूचना देण्यासाठी मागचा पाय जमिनीवर आपटतात. कलावंतांनी प्राण्यांच्या निरीक्षणावर पुष्कळ वेळ दिला होता आणि त्यासाठी ते केनियालाही गेले होते. ते कष्ट चालण्या-बसण्यातून दिसतात. लोकरीचे आणि केसांचे कामही असेच थक्क करणारे आहे. या चित्रपटातील एका जिराफाच्या अंगावर सुमारे 90 लाख केस आहेत आणि जर्बिलासारख्या चिमुकल्या प्राण्याच्या अंगावरही जवळजवळ 4 लाख 80 हजार. हे आकडे ठाऊक नसले तरी काही अडत नाही, कारण निक कुतूहलाने मेंढीच्या डोक्यावरील लोकरीला हात लावतो तेव्हा आपल्याही बोटांना तो मऊपणा जाणवतो.

आवाजांपैकी जिनिफर गुडविन यांची ज्युडी आणि जेसन बेटमन यांचा निक ही जोडी उत्तम जमली आहे. बेटमन आवाज कधीही चढवत नाहीत. निकचा सारा बेफिकीरपणा त्यांच्या सपाट, किंचित कंटाळलेल्या स्वरात आहे, आणि म्हणूनच तो स्वर पुढे एकदाच ओलावतो तेव्हा त्याचे मोल कळते. इद्रिस एल्बा यांनी बोगोला दिलेली खर्जातली गुरगुर लहान मुलांना विशेष आवडते. गझेल या गायिका हरिणीला शकीरा यांचा आवाज आहे. मायकेल जियाकिनो यांचे पार्श्वसंगीत चांगले आहे, परंतु ते लक्षात राहण्यासाठी चित्रपट दोनदा पाहावा लागतो.

एक तपशील मात्र मला फार आवडला. शहरातील दूरचित्रवाणीवर बातम्या देणारा प्राणी देशपरत्वे बदललेला आहे. अमेरिकेतील आवृत्तीत तेथे मूस हे मोठ्या शिंगांचे सांबर आहे, ऑस्ट्रेलियात कोआला, चीनमध्ये पांडा, जपानमध्ये तनुकी हा तेथील रानकुत्र्यासारखा प्राणी आणि ब्राझीलमध्ये जॅग्वार. काही क्षणांचे दृश्य, तरीही मुलांना पडद्यावर आपल्याकडचा प्राणी दिसावा म्हणून कोणीतरी एवढी मेहनत घेतली. शीर्षकही काही देशांत बदलले. ब्रिटनमध्ये हाच चित्रपट ‘झूट्रोपोलिस’ म्हणून आला.

दोष आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. शेवटच्या अर्ध्या तासात रहस्याची उकल घाईने होते. खलपात्राचा हेतू सांगण्यासाठी त्या पात्राला स्वतःच लांब बोलावे लागते, आणि ज्या चित्रपटाने तोवर सारे हालचालींतून सांगितले त्याला हे शोभत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पूर्वग्रहांविषयीचे रूपक म्हणून ही गोष्ट वाचायला गेले तर एक अडचण उभी राहते : या जगात शिकारी प्राण्यांनी फार पूर्वी इतरांना खरोखरच खाल्लेले आहे, म्हणजे सशाची भीती निराधार नाही. माणसामाणसांतील पूर्वग्रहांना असा आधार नसतो. म्हणून हे रूपक शब्दशः लावू नये. मुलांशी बोलतानाही कोणता प्राणी म्हणजे कोणते लोक असा ताळा मांडत बसू नये. एकमेकांना पाहण्याआधीच एकमेकांविषयी ठरवून टाकणे एवढाच धागा हाती धरला तर चित्रपट कोठेही अडखळत नाही. तिसरी गोष्ट किरकोळ आहे. टुंड्राटाउनमधील गुंडांच्या म्होरक्याचा प्रसंग जुन्या माफियापटांची आठवण ठेवणाऱ्या मोठ्यांसाठी लिहिलेला आहे. पण तेथेही मापाने सांभाळून घेतले आहे. धिप्पाड ध्रुवीय अस्वले एकामागून एक येतात, प्रत्येक वेळी आता हाच तो म्होरक्या असे वाटते आणि शेवटी खुर्चीत एक इवलीशी चिचुंद्री निघते, तेव्हा माफियाचे नाव न ऐकलेले मूलही हसते.

चित्रपट 108 मिनिटांचा आहे. फार लहान मुलांना घेऊन पाहणार असाल तर वर्षावनातील एक प्रसंग ध्यानात ठेवा. तेथे एक काळा जॅग्वार अचानक चार पायांवर येऊन गुरगुरत अंगावर धावतो, आणि तोवर कपडे घालून बोलणारा प्राणी असा एकाएकी वाचा हरवून बसतो हे दृश्य मोठ्यांनाही दचकवते. आरंभी एका कोल्ह्याच्या पिल्लाने ज्युडीच्या गालावर ओरखडा काढण्याचा प्रसंग आहे, तोही कोवळ्या मुलांना टोचतो. पाच-सहा वर्षांच्या पुढील मुलांना मोठ्या माणसाच्या सोबतीने काहीच अडचण येऊ नये. उलट, पत्रकार परिषदेनंतर मुले हमखास विचारतात की ज्युडी वाईट आहे का. त्या प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नये, कारण थोड्याच वेळात ज्युडी स्वतः निकसमोर येऊन रडत रडत आपली चूक कबूल करते, आणि तो उत्तरादाखल गाजराच्या आकाराच्या एका लेखणीचे बटण दाबतो. त्या लेखणीत आवाज ध्वनिमुद्रित होतो, हे प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असते.

2017 साली या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा ऑस्कर मिळाला आणि जगभरात त्याने एक अब्ज डॉलरहून अधिक कमाई केली. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या, पण माझी शिफारस त्यांवर अवलंबून नाही. शक्य असेल तर मोठ्या पडद्यावर पाहा, कारण बारकावे कोपऱ्यांत आहेत : बनीबरोच्या वेशीवरील पाटीवर लोकसंख्येचा आकडा थांबत नाही, पोलीस ठाण्याच्या स्वागतकक्षातील गुबगुबीत चित्त्याला मानेच्या वळ्यांत हरवलेले डोनट सापडते. आणि नावे येऊ लागण्याआधी उठू नका. अगदी शेवटी ज्युडी आणि निक भरधाव निघालेल्या एका गाडीला अडवतात. तिची काच खाली होते, चालकाची मान वळू लागते, आणि ती पुरती वळायच्या आतच आपल्याला कळते की आता बराच वेळ थांबावे लागणार आहे.